पाणी धरणारे जेल : हिशेब करून मगच पिशवी फोडा

(माण, खटाव, आटपाडी व जत भागातील शेतकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती तुमच्यापैकी पुष्कळांनी कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर पाहिली असेल. साखरेसारखे किंवा जाडसर रव्यासारखे दाणे, चकचकीत पिशवी, आणि पिशवीवर लिहिलेले असते की हे दाणे आपल्या वजनाच्या चारशे पट पाणी धरतात, पाण्याच्या पाळ्या निम्म्या होतात आणि परिणाम पाच वर्षे टिकतो. याला हायड्रोजेल म्हणतात. अलीकडे त्याच्या मागे 'जैविक', 'नैसर्गिक', 'बायोपॉलिमर' असेही शब्द लागू लागले आहेत. पाण्याची चणचण असलेल्या माणसाला असा माल घ्यावासा वाटणे साहजिक आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि दहिवडी-म्हसवडकडे तो पाचशेच्या आसपास थांबतो. आटपाडी आणि जतची कथाही निराळी नाही. टेंभू, म्हैसाळ, जिहे-कठापूर या योजनांचे पाणी काही गावांना पोचले, काहींना अजून वाट पाहावी लागते. अशा ठिकाणी पिशवीवरचे वाक्य वाचून पैसे खर्च करण्यापूर्वी त्याचा हिशेब मांडला पाहिजे, म्हणून हा विषय घेतला आहे.

प्रथम ही वस्तू आहे तरी काय ते पाहू. सब्जाचे बी पाण्यात टाकले की त्याभोवती बुळबुळीत आवरण फुगते, हे सर्वांनी फालुद्यात पाहिलेले आहे. इसबगोलाचा भुसा पेल्यात घट्ट होतो. बाभळीचा डिंक, भेंडीची तार, कोरफडीचा गर हे सगळे एकाच जातीचे पदार्थ आहेत. साखरेचे लहान लहान रेणू साखळीसारखे एकापुढे एक जोडले जाऊन लांबलचक धागे तयार होतात आणि त्या धाग्यांना पाण्याची ओढ असते. साधा डिंक पाण्यात शेवटी विरघळतो. पण हेच धागे एकमेकांना अधूनमधून गाठी मारून बांधले तर त्यांचे जाळे बनते. मग ते विरघळू शकत नाही, फक्त फुगते. पाणी जाळ्यात शिरते आणि तिथे अडकून राहते. झाडाच्या मुळाने ओढले की बहुतांश पाणी सुटते, आणि पुन्हा पाणी मिळाले की जाळे पुन्हा भरते. हायड्रोजेल म्हणजे एवढेच.

निसर्गाने ही युक्ती फार पूर्वीच वापरलेली आहे. ज्वारीचे ताट उपटून पाहा. कोवळ्या मुळांच्या टोकाला माती चिकटून येते, झटकली तरी सुटत नाही. मुळाने स्वतः सोडलेला चिकट पदार्थ ती माती धरून ठेवतो. जमिनीतील जिवाणूही असाच चिकटा तयार करतात, आणि मातीचे कण एकत्र बांधून रवाळ जमीन तयार होते ती पुष्कळ अंशी त्याच्याच जोरावर.

कारखान्यात हे काम सुरू झाले ते अमेरिकेत. इलिनॉय राज्यातील पिओरिया येथे त्यांच्या कृषी खात्याची प्रयोगशाळा आहे. तेथील शास्त्रज्ञांनी मक्याच्या स्टार्चवर कृत्रिम धागे कलम करून शेकडो पट पाणी शोषणारा पदार्थ केला आणि १९७० च्या दशकात त्याचा बराच बोलबाला झाला. पुढे याच कुळातले पदार्थ लहान मुलांच्या डायपरमध्ये गेले व तिथेच त्यांची खरी भरभराट झाली. आपल्याकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने सेल्युलोजवर आधारलेले 'पुसा हायड्रोजेल' विकसित केले. ते २०१२ च्या सुमारास बाजारात आले. आपल्या उष्ण हवामानात चालावे, हा त्यामागचा विचार होता, आणि मात्राही थोडी ठेवली : हेक्टरी अडीच ते पाच किलो, म्हणजे एकरी एक ते दोन किलो. अगदी अलीकडे संत्र्याच्या सालीसारख्या फळांच्या टाकाऊ भागापासून जेल करण्याचे काम राजस्थानातील एका तरुणाने जपानच्या ओकिनावा बेटावर कंपनी काढून चालविले आहे. गवारीच्या डिंकापासून, समुद्रातील शेवाळापासून, कोळंबीच्या टरफलापासूनही जेल करता येते.

आता हिशेबाकडे येऊ. मी सांगतो म्हणून मानू नका, वहीत मांडून पाहा.

एका एकरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे चार हजार लिटर पाणी पडले. एकरी दोन किलो जेल टाकले आणि ते खरोखर चारशे पट फुगले, तर त्यात पाणी मावेल आठशे लिटर. म्हणजे एक मिलिमीटरचा पाचवा भाग. भर वाढीतली ज्वारी एका दिवसात चार मिलिमीटर पाणी सहज खर्च करते. तेव्हा संपूर्ण एकरातील जेल काठोकाठ भरलेले असले तरी ते पिकाच्या एका दिवसाच्या गरजेचा विसावा हिस्सा झाले. यावर विक्रेता म्हणेल की जेल पुन्हा पुन्हा भरते. ठीक आहे. हंगामात ते पन्नास वेळा रिकामे होऊन पन्नास वेळा भरले, असे धरले तरी दहा मिलिमीटर होतात. आणि कोरडवाहू रानात पन्नास वेळा पाऊस कुठून येणार? जिथे एकही पाणी हातात नाही तिथे ते भरणार तरी कशाने? जेल पाणी निर्माण करीत नाही. निम्म्या पाळ्या वाचतात हे वाक्य या हिशेबात कुठेच बसत नाही.

मग जेथे प्रयोगात फायदा दिसला तो कशामुळे? काही ठिकाणी उत्पन्न वाढले, एखादे पाणी वाचले अशा नोंदी आहेत. काही ठिकाणी काहीच फरक पडलेला नाही. याचे उत्तर जेल कोठे टाकले यात आहे. हेच दोन किलो फोकून न देता पेरणीच्या ओळीत बियाण्याजवळ टाकले तर काय होते पाहा. पंचेचाळीस सेंटिमीटर अंतरावर पेरणी केली तर एका एकरात सुमारे नऊ हजार मीटर ओळ होते. आठशे लिटर पाणी तेवढ्या ओळीत वाटले तर एका मीटरला सुमारे नव्वद मिलिलिटर, म्हणजे एक कप चहाएवढे. उभ्या पिकाला ते काहीच नाही. पण उगवणाऱ्या दाण्याला, ज्याचे मूळ अजून बोटभर लांबीचे आहे, त्याला चार दिवसांची उघडीप काढायला ते कामी येते. थोडक्यात, जेल लहान रोपाच्या उपयोगाचे आहे, मोठ्या पिकाच्या नव्हे, आणि जागेवर टाकले तरच.

त्यातही एक मोठी मेख आहे. चारशे पट हा आकडा शुद्ध पाण्यातला आहे. आपल्या विहिरी-बोअरचे पाणी शुद्ध नसते. जेलच्या धाग्यांवर ऋण भार असतो; हे भार एकमेकांना ढकलतात म्हणून जाळे पसरते. पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम असले की ते या भारांना जाऊन चिकटतात, धागे जवळ ओढले जातात आणि जाळे आकसते. ज्या पाण्याने डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, त्या पाण्यात जेलही नीट फुगत नाही. चारशेचे शंभरावर, कधी त्याहूनही खाली येते. पावसाचे पाणी असले तरी चुनखडीच्या जमिनीत मुरता मुरता ते क्षार घेतेच. कृष्णाकाठच्या मिरज, वाळवा, पलूस भागात जेथे जमिनी खारवट किंवा चोपण झाल्या आहेत तेथे तर जेलच्या वाटेला जाऊच नये. तेथे दुखणे निचऱ्याचे आहे.

याची परीक्षा घरी होते. एक ग्रॅम जेल सोनाराच्या काट्यावर तोलून घ्या, दोनदा. एक भाग एक लिटर बॅटरीच्या पाण्यात टाका, दुसरा तुमच्या बोअरच्या एक लिटर पाण्यात. दोन तास थांबा. दोन्ही पाणी स्वतंत्र मलमलच्या फडक्यातून गाळा, पाव तास निथळू द्या आणि फडक्यात उरलेल्या गोळ्याचे वजन करा. बोअरच्या पाण्यातला गोळा शंभर ग्रॅम भरला तर तुमच्या रानात तो माल शंभर पटीचा, पिशवीवर काहीही छापलेले असो. तिसऱ्या भांड्यात बोअरच्याच पाण्यात चिमूटभर विद्राव्य खत घालून पाहा, म्हणजे ठिबकमधून खत सोडताना काय होते तेही कळेल. ही परीक्षा बागेच्या खर्चाच्या मानाने फुकटात होते आणि विक्रेत्याच्या तासभर बोलण्यापेक्षा अधिक सांगते.

आता जमिनीचा प्रश्न. काळ्या भारी जमिनीत जी चिकणमाती असते ती स्वतःच पाण्याने फुगणारी आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. एकरात अशी लाखो किलो माती असताना तिच्यात दोन किलो जेल टाकणे म्हणजे विहिरीत लोटा ओतणे. उलट डाळिंबासारख्या पिकात भारी जमिनीत मुळाशी ओल जास्त राहिली तर मर रोगाला आमंत्रणच. जेल काम करील ते मुरमाड, हलक्या, माळाच्या रानात, जिथे पाणी दिले की खाली निघून जाते. आपल्या चारही तालुक्यांत असे माळ कमी नाहीत.

पण हलके रान आहे म्हणून बाजरी, मटकी, हुलग्यात जेल घालावे काय? माझे स्पष्ट मत, घालू नये. जेलचा भाव किलोला हजार रुपयांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो. एकरी दोन किलो म्हणजे दोन हजारांहून अधिक. या पिकांत तेवढा पैसा परत येईल याची खात्री नाही, आणि त्याच पैशात बांधबंदिस्ती, सरी-वरंबे, एक जादा कोळपणी होते. भेगा बुजवणारी कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे आपले जुने लोक म्हणत; त्यात पुष्कळ तथ्य आहे.

जेलचा खरा उपयोग मला तीन ठिकाणी दिसतो. रोपवाटिका हे पहिले. वाफ्यात वरच्या दोन इंच मातीत चौरस मीटरला दोन ग्रॅम जेल मिसळले तर रोपे पाण्याच्या ताणाला कमी बळी पडतात. क्षेत्र लहान असल्याने खर्च नगण्य असतो. रोपवाटिकेला टाकीत साठवलेले पावसाचे पाणी दिले तर आणखी चांगले.

दुसरा उपयोग मला सर्वांत स्वस्त आणि शहाणपणाचा वाटतो. कांदा, मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपे उपटून लावण्याच्या वेळी मुळे उघडी पडतात व लावणीनंतर दोन-तीन दिवस रोपे माना टाकतात. एक लिटर पाण्यात दोन ग्रॅम बारीक जेल टाकून अर्धा तास ठेवले की पातळ खळीसारखे द्रावण होते. त्यात मुळे बुडवून लगेच लावावीत. मुळांवर ओला लेप राहतो. मुळे जितकी कमी वेळ उघडी राहतील तितके बरे, हे जेल वापरूनही खरेच आहे. लेप लावला म्हणून रोपांची जुडी बांधावर उन्हात ठेवू नये.

तिसरे म्हणजे झाडांची नवी लागवड. डाळिंब, सीताफळ, आंबा, चिंच आणि माळावर, समतल चरांच्या कडेने लावलेली वनझाडे. कोरेगाव तालुक्यातील वेळू, माण तालुक्यातील टाकेवाडी यांसारख्या गावांनी २०१६ नंतर श्रमदानातून जलसंधारणाचे जे काम केले ते सर्वांना माहीत आहे. चर खोदून पाणी मुरते, पण चराकडेचे रोपटे पहिल्या उन्हाळ्यातून वाचवणे हे वेगळेच काम असते. दर आठवड्याला घागर घेऊन डोंगर चढायला कोण जाणार? अशा ठिकाणी दोन पाण्यांतील अंतर दोन-तीन दिवसांनी लांबले तरी फरक पडतो.

खड्ड्याचा हिशेब असा. साडेचार बाय तीन मीटरवर डाळिंब लावले तर एकरी तीनशे झाडे बसतात. खड्ड्याला वीस ग्रॅमप्रमाणे सहा किलो जेल लागते, म्हणजे सहा-सात हजार रुपये तरी. बोअरच्या पाण्यात शंभर पट धरले तर प्रत्येक खड्ड्यात दोन लिटर पाणी जादा राहील. नव्या कलमाला ही एखाद-दुसऱ्या दिवसाची सोय आहे. वीज गेली, मोटर जळली, टँकर उद्या येतो म्हणून परवा आला, तर ते दोन दिवस निघून जातात. एवढ्यासाठी सहा-सात हजार घालवायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. ज्याच्या विहिरीला मेपर्यंत पाणी आहे त्याला गरज नाही.

वापरण्याची पद्धत चुकली तर पैसे मातीत जातात. जेल दहापट कोरड्या बारीक मातीत आधी मिसळून घ्यावे. ओल्या हाताने धरले तर गोळे होतात. खड्ड्यात ते पंधरा ते पंचवीस सेंटिमीटर खोलीवर, मुळांच्या आसपास सारखे पसरावे. वर पसरून टाकले तर उन्हाने लवकर निकामी होते. त्यानंतर एक दिवसाआड दोन वेळा भरपूर पाणी द्यावे. अर्धवट पाणी दिले तर कोरडे दाणे भोवतालची ओलच ओढून घेतात आणि रोप उलट सुकते. चांगले म्हणून मात्रा तिप्पट-चौपट करू नये, फुगताना माती वर उचलली जाते व रोप सैल होते. आणि ठिबकच्या टाकीत जेल कधीही टाकू नका. ड्रिपर कायमचे बसतील.

मोठ्या, फळावर आलेल्या बागेचे काय, असे दरवेळी विचारले जाते. २०१२-१३ च्या आणि २०१८-१९ च्या दुष्काळात आटपाडी, जतकडे बागा टँकरवर जगवल्या गेल्या. ज्यांनी तो खर्च केला त्यांच्या मनात हा प्रश्न येणारच. झाडाला शंभर ग्रॅम म्हटले तर तीनशे झाडांना तीस किलो, खर्च किमान तीस हजार. त्यात शंभर पटीने मावणार तीन हजार लिटर. झाडागणिक दहा लिटर. मोठे डाळिंब भर उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी घेते. म्हणजे तीस हजार रुपये घालून सहा-आठ तासांची सोय झाली, शिवाय मुळ्या तोडून खड्डे घ्यावे लागले ते वेगळेच. त्यापेक्षा झाडाखाली पाचट अंथरा. कृष्णाकाठी एक एकर उसातून तीन-चार टन पाचट निघते आणि अजूनही पुष्कळजण ते पेटवून देतात. झाडाला पाच किलो धरले तर एकर डाळिंबाला दीड टन पुरते. वाहतुकीचा खर्च धरूनही ते स्वस्त पडते. जमिनीच्या पृष्ठभागावरून उडून जाणारे पाणी ते अडवते, आणि कुजून जमिनीतच जाते.

सेंद्रिय पदार्थाच्या बाबतीतही मात्र आपण विस्तवाबरोबर धूर विकू नये. शेणखताने जमीन स्पंजासारखी होते, हजारो घागरी जादा पाणी धरते, अशी भाषणे मीही पुष्कळ ऐकली आहेत. जगभरातील पन्नास हजारांहून अधिक मोजमापांचा एकत्र अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात असे दिसले की सेंद्रिय कर्ब एक टक्क्याने वाढला तर वरच्या पंधरा सेंटिमीटर थरात पिकाला मिळणारे पाणी सरासरी दीड-दोन मिलिमीटरच वाढते, रेताड जमिनीत थोडे अधिक. आणि आपल्या कोरडवाहू रानात, जिथे कर्ब बहुधा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असतो, तो एक टक्का वाढवायला वर्षानुवर्षे जातात. तरी तुलना करून पाहा. दीड-दोन मिलिमीटर म्हणजे एकरी सहा ते आठ हजार लिटर, जेलचे उत्तम पाण्यात आठशे. शिवाय खताने जमीन भुसभुशीत होऊन वळवाचे पाणी वाहून न जाता आत मुरते, हा फायदा त्या आकड्यात धरलेलाच नाही, आणि माझ्या मते मोठा फायदा तोच आहे.

आता 'जैविक' या शब्दाविषयी. येथे नीट लक्ष द्या. स्टार्च, गवार डिंक, सेल्युलोज हे जमिनीतील जिवाणूंचे अन्न आहे. शुद्ध नैसर्गिक जेल ओल्या, उबदार जमिनीत काही आठवड्यांत ते खाऊन टाकतात. सेल्युलोजचे किंवा जास्त गाठी मारलेले असेल तर काही महिने लागतात. यात वाईट काही नाही. रोप लागेपर्यंतच त्याचे काम होते. ज्यात ॲक्रिलेटचे कृत्रिम धागे कलम केलेले असतात ते पुष्कळ टिकते, कारण त्या धाग्यांचा कणा जिवाणूंना सहज तुटत नाही. तेव्हा एकाच पिशवीवर 'शंभर टक्के जैविक' आणि 'पाच वर्षे परिणाम' असे दोन्ही लिहिलेले असेल तर त्यातले एक विधान खोटे आहे. जैविक असेल तर ते कुजणार. पाच वर्षे राहणार असेल तर त्याचा काही भाग तुमच्या जमिनीत कृत्रिम पॉलिमर म्हणून राहणार. युरोपीय संघाने २०१९ च्या खतविषयक कायद्यात अशा पॉलिमरना जमिनीत कुजण्याची अट घातली, ती याच काळजीने. दुकानदाराला विचारा की यात काय आहे, त्याचे कागद दाखवा. बिलावर मालाचे नाव, घटक आणि उत्पादकाचा पत्ता लिहून घ्या.

एक धोक्याची सूचना येथेच देतो. डायपरमधील जेल काढून कुंडीत किंवा खड्ड्यात टाकण्याची टूम निघाली आहे. ते जेल सोडियमचे असते. सोडियमने जमीन चोपण होते हे कृष्णाकाठच्या शेतकऱ्याला सांगायला नको. शेतीसाठी करतात ते जेल बहुधा पोटॅशचे असते. आणि वापरलेले डायपर शेतात आणणे हा तर आरोग्याचा प्रश्न झाला.

ज्यांना वापरून पाहायचे आहे त्यांनी एकदम सगळ्या रानात टाकू नये. कांद्याच्या दहा ओळी जेलमध्ये बुडवून लावा, मधल्या दहा ओळी नुसत्या पाण्यात बुडवून लावा, दोन्हींना पाणी-खत सारखेच द्या. डाळिंब असेल तर एकाआड एक झाड. खुणेला बांबू रोवा, कारण महिन्याने कोणती ओळ कोणती ते आठवत नाही. पंधराव्या दिवशी मेलेली रोपे मोजा आणि शेवटी दोन्हींचे वजन वेगवेगळे करा. जैविक म्हणून घेतलेल्या मालाची आणखी एक परीक्षा करता येते. पाच ग्रॅम जेल जुन्या नायलॉनच्या मोज्यात बांधून, फुगायला जागा राहील असे सैल ठेवून, वीतभर खोल ओलाव्यात पुरा. महिन्याने एकदा आणि सहा महिन्यांनी एकदा काढून पाण्यात टाका आणि किती फुगते ते पाहा. बोरगाव किंवा कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राकडे याल तेव्हा ही वही, माती-पाण्याचा तपासणी अहवाल आणि मालाचे बिल बरोबर आणा. पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत, विहिरीचे पाणी थोडा वेळ उपसल्यानंतर घ्यावा. बाटलीवर गट नंबर आणि तारीख लिहायला विसरू नका.